सगळी मशिनं चालू, तरी माल का निघत नाही?

७ ऑक्टोबर २०२१ ला महिंद्राने एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५,००० गाड्यांची नोंदणी झाली. पुढे काही मॉडेलांसाठी लोकांना वर्षभर, काहींना त्याहूनही जास्त थांबावं लागलं. चाकणचा कारखाना चालू होता, माणसं होती, पत्रा होता, पैसे घेऊन गिऱ्हाईक दारात उभं होतं. चिप्स तेवढ्या नव्हत्या. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत जगभरच्या गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, चिप बनवणाऱ्यांनी ती जागा लॅपटॉप-फोनवाल्यांना दिली, आणि गाड्यांची मागणी परतली तेव्हा गाडीवाले रांगेच्या शेवटी उभे होते. एक चिप तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे घाई करूनही उपयोग नव्हता.

एवढ्या मोठ्या कंपनीचं जे झालं तेच पुण्याजवळच्या भोसरीतल्या पंधरा माणसांच्या शॉपमध्ये (छोट्या कारखान्यात) दर महिन्याच्या २५ तारखेनंतर होतं. सगळे धावत असतात, ओव्हरटाइम चालू असतो, आणि ग्राहकाचा फोन येतो, "माल कुठंय?" मशिनं चालू असणं आणि माल निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादन नियोजनाचा सगळा विषय या फरकात आहे.

पापड, पीठ आणि भाकरी

काय, किती, कधी आणि कुठल्या मशीनवर बनवायचं हे आधी ठरवणं म्हणजे नियोजन. मशीन बिघडलं, ऑपरेटर गावाला गेला, बार (पोलादी सळई) उशिरा आला, तरी ते रोज घडवून आणणं म्हणजे ऑपरेशन्स.

पहिला प्रश्न असा की ऑर्डर यायच्या आधी बनवून ठेवायचं की नंतर बनवायचं. घरात याचं उत्तर ठरलेलं आहे. पापड वर्षाचे, पीठ पंधरा दिवसांचं, भाकरी तव्यावरची. पापड टिकतात आणि खपणार याची खात्री असते. भाकरी टिकत नाही, आणि कोण किती खाणार हे ताटावर बसल्यावर कळतं. मधला प्रकार मिसळवाल्याचा. उसळ आणि कट पहाटेच तयार, फरसाण-कांदा-पाव बाजूला, आणि ऑर्डर आली की दोन मिनिटांत जुळवणी. मोटार कंपन्या बहुतेक याच पद्धतीने चालतात. वेळ खाणारे भाग आधी, रंग आणि मॉडेल शेवटी.

चूक होते ती भाकऱ्या पापडांसारख्या करून ठेवण्यात. "मशीन मोकळं आहे तर चालवून घे" म्हणून बनवलेला माल रॅकवर बसतो, पुढच्या महिन्यात ड्रॉइंगमध्ये बदल येतो आणि तो भंगारात जातो.

तारखेवरून उलटं यायचं

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा एक शॉप स्टीलच्या पिना बनवतं, लांब आणि आखूड अशा दोन प्रकारच्या. महिन्याचं शेड्यूल १२,००० नग, दोन्ही निम्मे-निम्मे. टप्पे चार: बार कापणं, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) टर्निंग म्हणजे बार फिरवून मापात कातणं, ड्रिलिंग-टॅपिंग म्हणजे भोक पाडून आत टॅपने आटे कापणं, आणि बाहेर जॉबवर्कला (दुसऱ्याकडून करून घ्यायला) प्लेटिंग म्हणजे धातूचा मुलामा.

३० तारखेला माल द्यायचा आहे. प्लेटिंगला ४ दिवस, म्हणजे २६ ला तिकडे माल जायला हवा. त्या लॉटच्या (एका खेपेत काढलेल्या नगांच्या) मशीनिंगला ५ दिवस, म्हणजे २१ ला बार रॅकवर हवा. बार यायला ७ दिवस, म्हणजे १४ ला ऑर्डर. मधले दोन गुरुवार सुट्टीचे धरले तर १२ ला. एमआरपी (छापील किंमत नव्हे, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) नावाचं जे सॉफ्टवेअर विकलं जातं ते मुळात ही उलटी मोजणी शेकडो वस्तूंसाठी एकदम करतं. त्याला तीन गोष्टी लागतात: काय द्यायचंय, एका नगात काय काय लागतं, आणि हातात किती आहे.

"एका नगात काय लागतं" या यादीत लोक बार लिहितात, प्लेटिंग लिहितात आणि खोकी विसरतात. पिना तयार आहेत पण छापील खोके नाहीत म्हणून डिस्पॅच अडलं, हा प्रकार वाटतो त्याहून नेहमीचा आहे. दुसरी बारीक चूक रिजेक्शनची. शेकडा ३ नग बाद होतात म्हणून १२,००० वर ३ टक्के मिळवून १२,३६० घेतले, तर चांगले ११,९८९ निघतात, ११ कमी. भागायचं असतं ०.९७ ने. १२,३७२ लागतात.

कढई किती मोठी आहे?

दिवाळीच्या चकल्या आठवा. एक जण पीठ मळतंय, दोघी सोऱ्याने पाडतायत, आणि गॅसवर एक कढई, एका वेळी आठ चकल्या मावणारी. पाडणाऱ्या दोघींच्या चौघी केल्या तर चकल्या लवकर होतील का? नाही. कागदावर पाडलेल्या चकल्यांचा ढीग होईल, त्या सुकतील आणि उचलताना तुटतील. चकल्या कढईच्याच वेगाने होतात.

कारखान्यातल्या या कढईला बॉटलनेक म्हणतात. ती शोधायला मोठं शास्त्र लागत नाही. शॉपमधून एक फेरी मारा. ज्या मशीनच्या आधी ट्रॉल्यांची गर्दी आणि ज्याच्यानंतरचा माणूस रिकामा, ते मशीन.

आता आकडे. ८ तासांच्या शिफ्टमधून जेवण ३० मिनिटं, दोन चहा २० आणि साफसफाई १० मिनिटं काढली की ४२० उरतात. दोन शिफ्टच्या ८४०. महिन्याचे २६ दिवस. १२,००० नगांना भागलं तर दर १०९ सेकंदांना एक पीन बाहेर पडायला हवी. टर्निंगला ९५ सेकंद लागतात, ड्रिलिंगला १००. दोन्ही १०९ च्या आत. कागदावर ड्रिलिंग दिवसाला ५०४ नग देतं, महिन्याला १३,१०४. म्हणजे गरजेपेक्षा ११०४ जास्त. मालक निवांत.

पण लांब पीन सोडून आखूड घ्यायची तर सेटिंग बदलावं लागतं. रोज एक बदल, ९० मिनिटं. टॅप तुटणं, टूल बदलणं, वाट पाहणं यात आणखी ४०. उरली ७१० मिनिटं, त्यात ४२६ नग, त्यातले ३ टक्के बाद, हातात ४१३. महिन्याला १०,७३८. गरजेपेक्षा १२६२ कमी. कोणी आळस केलेला नाही, मशीन दिवसभर चालूच दिसत होतं.

या मशीनवरच्या एका तासाची किंमत किती? हिशेबनीस सांगेल, मशीनचा तासाचा दर ३५० रुपये. ते चूक आहे. पीन १५० ला विकली जाते आणि बार-प्लेटिंगचे ९० जातात असं धरलं तर एका नगामागे ६० रुपये सुटतात. बॉटलनेकवर तासाला ३६ नग. तिथे गेलेला एक तास म्हणजे २१६० रुपये, कारण तो तास सबंध कारखान्याचा गेला. उलट बार कापणारं मशीन तासभर बंद राहिलं तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. शॉपमधला सर्वांत हुशार सेटर कुठल्या मशीनजवळ असावा, हे या हिशेबावरून ठरवा.

नवीन मशीन घेण्याआधी

आता बहुतेक जण कर्ज काढून दुसरं ड्रिलिंग मशीन घेतात. त्याआधी ते ९० मिनिटांचं सेटिंग घड्याळ लावून पाहावं. आपल्या उदाहरणात ते असं फुटतं: पाने (स्पॅनर), गेज (माप तपासायचं साधन), ड्रॉइंग शोधणं २०, जुनं फिक्स्चर (पीन घट्ट धरणारा साचा) काढणं १०, नवं बसवून डायल लावणं (नेमक्या जागी आहे का ते जुळवणं) २५, प्रोग्राम आणि ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) १०, फर्स्ट पीस (नव्या सेटिंगवरचा पहिला नग) काढून क्वालिटीवाल्याची सही मिळणं २५.

शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने नेमकं हे वेगळं केलं: मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं कोणती, आणि चालू असताना उरकता येणारी कोणती. टोयोटामध्ये १००० टनी प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला ४ तास लागायचे. ते आधी दीड तासावर आले आणि मग ३ मिनिटांवर. आपल्या पिनांसाठी एवढं लांब जायची गरज नाही. पुढच्या जॉबचे टूल, गेज आणि ड्रॉइंग आधीच ट्रॉलीवर लावून ठेवले तर शोधण्याची २० मिनिटं शून्यावर येतात. टेबलाला लोकेटिंग पिना बसवल्या की फिक्स्चर ठेवताच जागेवर बसतं, २५ ची १०. काढायला ५, प्रोग्रामला ५. आणि फर्स्ट पीस निघायच्या आधीच क्वालिटीवाला मशीनजवळ येऊन उभा असेल तर १०. एकूण ३० मिनिटं. महिना ११,६४८ वर येतो.

मग रिजेक्शन. बाद होणाऱ्या तीनपैकी दोन पिना टर्निंगमध्येच बिघडलेल्या असतील तर आपण खराब पिनेला भोक पाडण्यात १०० सेकंद घालवतोय. टर्निंगनंतर, ड्रिलिंगच्या आधी गेज लावा. बॉटलनेकवर फक्त चांगला माल चढू द्या. महिना ११,८८२.

शेवटी जेवणाची सुट्टी. त्या ३० मिनिटांत या एकाच मशीनवर बदली माणूस उभा करा, ऑपरेटर आधी किंवा नंतर जेवेल. दोन शिफ्टमध्ये ६० मिनिटं, ३६ नग. महिना १२,८१८ वर जातो. शेड्यूल पूर्ण होऊन वर ८१८ नगांची उसंत. खर्च एक ट्रॉली, काही लोकेटिंग पिना आणि एक गेज.

एवढं झालं की ड्रिलिंगचा वेग टर्निंगजवळ जातो आणि पुढचा शोध तिथे घ्यावा लागतो. बॉटलनेक नाहीसा होत नाही, जागा बदलतो.

मग रोज सेटिंग कशाला? एकदम मोठा लॉट काढा की!

हा आक्षेप वाजवी आहे. १३ दिवस लांब, १३ दिवस आखूड, सेटिंग महिन्यातून दोनदा. पण ग्राहकाच्या लाइनला दोन्ही पिना रोज लागतात. म्हणजे एका प्रकारचा निम्म्या महिन्याचा साठा आपल्या पैशाने भरून ठेवायचा. शिवाय भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय हे जुळवणीच्या वेळी कळलं, तर २०० च्या लॉटमध्ये २०० नग बाद होतात आणि ६००० च्या लॉटमध्ये किती, ते आपणच मोजावं.

लॉट मोठा केला की सेटिंगचा खर्च घटतो आणि साठवणीचा वाढतो. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ मध्येच या दोन्हींचा मेळ घालणारं सूत्र मांडलं. वर्षाची मागणी गुणिले एका सेटिंगचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. त्यातला वर्गमूळ लक्षात ठेवण्यासारखा: सेटिंगचा खर्च चौथ्या हिश्शावर आणला तर फायद्याचा लॉट निम्मा होतो. म्हणून आधी सेटिंग कमी करायचं आणि मग लॉट लहान करायचा. उलट क्रमाने करणारे तोंडघशी पडतात.

चार दिवस प्लेटिंगला लागतात कशाला?

प्लेटिंगच्या टाकीत पिना फार तर तासभर असतात. उरलेला वेळ त्या क्रेटमध्ये रांगेत पडून असतात. आपल्या शॉपमध्येही तेच. पिनेवर प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं, मुक्काम दहा दिवसांचा.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. अर्धवट माल किती पडलाय त्याला रोज किती बाहेर पडतोय याने भागा, की एक नग सरासरी किती दिवस आत राहतो ते मिळतं. शॉपमध्ये ४००० पिना पडल्या आहेत आणि रोज ४०० निघतात, तर आज कापलेला बार दहाव्या दिवशी बाहेर पडणार. तोच माल पाचव्या दिवशी हवा असेल तर आत २००० च पिना असायला हव्यात. आरडाओरडा करून फार तर एक लॉट पुढे सरकतो, दुसरा मागे पडतो.

म्हणून बार कापणाऱ्याला थांबवायचं. ड्रिलिंगपुढे दीड दिवसाचा माल असला की नवा बार कापायचा नाही. चकल्या पाडणाऱ्या बाईला आपण सांगतोच ना, "थांब गं जरा, कढईत जागा होऊ दे."

पण बसलेल्या माणसाला पगार कसा द्यायचा?

इथे मालकाच्या पोटात दुखतं, आणि ते समजण्यासारखं आहे. मशीन शंभर टक्के चालावं, माणूस शंभर टक्के राबावा. पण काम ठरल्या वेळी येत नसेल आणि प्रत्येक कामाला कमी-जास्त वेळ लागत असेल, तर रांग भरलेपणाच्या प्रमाणात वाढत नाही, शेवटी एकदम उसळते. एकच मशीन, काम अगदी अनियमित आणि सरासरी दहा मिनिटांचं असं धरलं, तर मशीन ८० टक्के भरलेलं असताना रांगेत सरासरी ४० मिनिटं जातात. ९० टक्क्यांना ९० मिनिटं. ९५ टक्क्यांना १९०. काम जितकं नियमित तितके हे आकडे खाली येतात, पण वळण तेच राहतं. बॉटलनेक सोडून बाकी मशिनांना थोडी मोकळीक ठेवावी लागते ती यासाठी. मोकळ्या वेळात त्या माणसाने गेज तपासावेत, पुढची ट्रॉली लावावी. नको असलेला माल बनवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

साठा किती: दोन सिलिंडरचा हिशेब

घरात दोन सिलिंडर असतात. एक संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी नंबर लावायचा. भरलेला सिलिंडर येईपर्यंत दुसरा पुरायला हवा. टोयोटाच्या कानबान पद्धतीचा गाभा एवढाच आहे: रिकामा झालेला डबा हीच ऑर्डर.

बारचा आकडा काढू. एका पिनेला पाव किलो, म्हणजे महिन्याला ३००० किलो, दिवसाला सरासरी ११५. जास्तीत जास्त १४०. पुरवठादार एरवी ७ दिवसांत देतो, वाईट वेळी १२. सर्वांत वाईट परिस्थितीत १४० गुणिले १२, म्हणजे १६८० किलो लागतील. साठा तिथे आला की फोन करायचा. सरासरी गरज ८०५ किलोची, म्हणून वरचे ८७५ किलो हा संकटाचा साठा. ही पद्धत थोडी जास्तच सावध आहे, पण लहान शॉपला पुरेशी. रॅकवर त्या उंचीला लाल पट्टा मारा, संगणक लागत नाही.

"टोयोटा तर साठाच ठेवत नाही," असं कुणीतरी म्हणतंच. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथून यायचा. काही दिवसांतच जपानमधल्या टोयोटाच्या बहुतेक लाइनी थांबल्या. इतर पुरवठादारांनी हातातली कामं टाकून तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला म्हणून आठवड्याभरात गाडी रुळावर आली. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने चिप्सचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला, आणि २०२१ च्या टंचाईत सुरुवातीचे महिने ती इतरांपेक्षा कमी अडली. स्वस्त, सगळीकडे मिळणारा बोल्ट कमी ठेवला तरी चालतो. एकाच ठिकाणाहून येणारी, तीन महिने लागणारी वस्तू भरून ठेवायची.

ईआरपी घेतलं की सुटेल का?

ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते गुणाकार बरोबर करतं. रॅकवर ९०० किलो बार असताना त्यात १४०० लिहिलेले असतील तर ते आत्मविश्वासाने चुकीची तारीख देईल. भंगारात टाकलेल्या पिनांची नोंद होत नाही आणि जॉबवर्कहून आलेला माल दोन दिवसांनी चढवला जातो, तोवर ईआरपी म्हणजे महागडी वही. आधी रोज पाच वस्तू हाताने मोजून नोंदीशी ताडून पाहा.

ग्राहकच रोज शेड्यूल बदलतो, त्याला काय करणार?

बदलतोच. त्यावर मार्ग म्हणजे मुदती ठरवून घेणं. येणारा आठवडा पक्का, त्यात हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात एकूण नग तेच, लांब-आखूड अदलाबदल चालेल. त्यापुढचं सगळं अंदाज. ग्राहक हे लेखी मानेलच असं नाही. पण सेटिंग ३० मिनिटांवर आलेलं असेल आणि आत २००० च पिना असतील, तर त्याचा बदल पाच दिवसांत पचतो. आत ४००० असताना त्याच बदलाला दहा दिवस लागायचे.

आणि हे सगळं चालतंय का, हे कळायला बॉटलनेकवर एक फळा टांगा. रकाने चार: तास, ठरलेले ३६, झालेले किती, कमी का. ऑपरेटरने खडूने, खरं कारण लिहायचं, आणि लिहिल्याबद्दल त्याला ओरडायचं नाही. पंधरा दिवसांनी ती कारणं मोजा. "मशीन बंद" फार वेळा सापडणार नाही. "टॅप स्टोअरमध्ये नाही", "ड्रॉइंग शोधत होतो", "सेटर दुसऱ्या मशीनवर" हे सापडेल, आणि बहुधा सर्वांत वर असेल "फर्स्ट पीसची सही बाकी".